शाळा डोंगरात, घर कराडात, मग बाळ कुणाकडे? शिक्षिकांच्या मधल्या अडीच वर्षांचं गणित

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला बाळंतपणासाठी १८० दिवसांची पगारी रजा मिळते. अंगणवाडीत मूल शिकायला बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. ही दोन्ही वाक्यं सगळ्यांना माहीत असतात, पण ती एकापुढे एक ठेवून कुणी वाचत नाही.

वाचली की लगेच लक्षात येतं की सहा महिने आणि तीन वर्षं यांच्या मध्ये अडीच वर्षं उरतात. आई शाळेत हजर झालेली असते आणि बाळाला अजून कुठलीच शाळा घेत नसते.

गावभर पोरं सांभाळणाऱ्या बाईंचं स्वतःचं पोर या अडीच वर्षांत कोण सांभाळतं? सातारा आणि सांगली जिल्ह्यांत याचं उत्तर आजी, बदली, भाड्याची खोली, एसटीचं वेळापत्रक आणि शेजारच्या मावशी अशा पाच-सहा गोष्टी जोडून तयार होतं. त्यातली एक निखळली की सगळंच कोसळतं.

हे गणित नेमकं कसं चालतं आणि कुठं अडतं, ते बघू.

आधी रजेचा हिशोब

प्रसूती रजा १८० दिवसांची असते, पण ती बाळ जन्मल्यापासून मोजली जात नाही, रजा सुरू झाल्यापासून मोजली जाते. बाळंतपणाच्या आधी महिनाभर रजा घेतली असेल, तर शाळेत हजर होताना बाळ पाच महिन्यांचं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि पुढेही स्तनपान चालू ठेवावं. म्हणजे बाळाची वाटी-चमच्याशी ओळख व्हायच्या आधीच आईच्या हातात हजेरीपत्रक आलेलं असतं.

या रजेला जोडून दुसरी शिल्लक रजा मागता येते. पण उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या मिळतात म्हणून शिक्षकांच्या खात्यात अर्जित रजा फारशी साठत नाही. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमा होते. पाच वर्षं नोकरी झालेल्या शिक्षिकेने एकही दिवस खर्च केला नसेल, तर तिच्याकडे शंभर दिवस असतात आणि तेही अर्ध्या पगाराचे.

याशिवाय २०१८ साली राज्य सरकारने बालसंगोपन रजा सुरू केली. महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण नोकरीत मिळून १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकाही यात येतात.

आता हे १८० दिवस त्या अडीच वर्षांवर पसरून बघा. अडीच वर्षांचे साधारण ९०० दिवस होतात आणि रजा त्याच्या एक पंचमांश. शिवाय सगळी रजा इथेच संपवली, तर दहावीच्या परीक्षेला, ऑपरेशनला, मुलीच्या आजारपणाला काहीच उरत नाही. त्यामुळे बहुतेक जणी हात राखूनच ही रजा घेतात.

तुलनेसाठी, केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना हीच रजा ७३० दिवस मिळते, आणि तीही २००८ पासून.

रजा आहे, पण शाळेत दुसरं कोण आहे?

कागदावर रजा असणं आणि ती घेता येणं यात फरक आहे. बालसंगोपन रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर करून घ्यावी लागते. आणि मंजुरी अडते ती बऱ्याचदा शाळेच्या आकारामुळे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. डोंगरातल्या आणि वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळा अशाच द्विशिक्षकी आहेत. बाई रजेवर गेल्या की राहिलेल्या गुरुजींकडे सगळे वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं आणि केंद्रशाळेची मीटिंग येते. बदली शिक्षक मिळेलच याची खात्री नसते. मग बाई रजेचा अर्ज लिहितात आणि सोबतच्या गुरुजींकडे बघून खिशात ठेवतात.

इथे कुणी एक माणूस दोषी नसतो. रजेचा नियम करणाऱ्याने माणूस मोजला, पण त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा माणूस मोजला नाही.

पाळणाघराचा कायदा आहे, मग तो शाळेत का पोचत नाही?

भारतात पाळणाघराचे कायदे जुने आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर लागत असे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा, अशी तरतूद आली.

या कायद्यांमागचं चित्र एका छपराखाली शेकडो माणसं काम करतात त्या कारखान्याचं किंवा ऑफिसचं आहे. जिल्हा परिषद हजारो शिक्षकांना पगार देते, पण ते दोन, चार, सात असे विखुरलेले असतात. वाडीवरच्या शाळेत ५० शिक्षक कधीच होणार नाहीत. डोकी मोजून पाळणाघर द्यायचं ठरवलं, तर प्राथमिक शिक्षिका त्या मोजणीत कधीच बसत नाही.

मोजायची दुसरी पद्धतही आपल्याकडे आहे. मनरेगाच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली असतील, तर ती सांभाळायला एका महिलेला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, असा नियम आहे. इथे कामगार मोजले जात नाहीत, मुलं मोजली जातात. आणि रोजगार हमी ही कल्पना मुळात याच भागातली. वि. स. पागे यांनी १९६५ साली तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला, आणि १९७७ साली महाराष्ट्रात त्याचा कायदा झाला.

नकाशा बघितला की अडचण कळते

सातारा आणि सांगलीचा नकाशा उभ्या तीन पट्ट्यांत बघता येतो.

पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळा. इथे डोंगर, घाट आणि धो धो पाऊस. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यासारख्या भागात जायचं तर तापोळा किंवा बामणोलीकडून लाँच धरावी लागते.

पूर्वेला माण, खटाव, आटपाडी आणि जत. इथे पाऊस कमी आणि अंतरं मोठी. सांगलीहून जत ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि संख, उमदी त्याच्याही पुढे. कर्नाटकला लागून असलेल्या या पट्ट्यात कितीतरी घरांत कानडी बोललं जातं. कराड-वाळव्याकडून इथे नेमणूक झालेल्या शिक्षिकेला बाळ सांभाळायला मावशी मिळाली, तरी मावशीचं कानडी आणि बाईंचं मराठी यांची आधी ओळख व्हावी लागते.

मधला पट्टा कृष्णाकाठचा. सातारा, कराड, इस्लामपूर, पलूस, सांगली, मिरज. बालरोगतज्ज्ञ, पाळणाघरं, नर्सरी, चांगल्या शाळा आणि दर थोड्या वेळाने एसटी, सगळं इथे.

त्यामुळे घर मधल्या पट्ट्यात आणि नोकरी कडेच्या पट्ट्यात, अशी विभागणी होते. समजा एक बाई कराडात राहतात आणि शाळा पाटण तालुक्यात आत कुठेतरी आहे. शाळा साडेदहा ते पाच. जायला एक तास आणि यायला एक तास धरला, तर बाळ आईपासून साडेआठ तास लांब असतं. शहरातलं पाळणाघर पाच-साडेपाचला बंद होत असेल, तर शेवटचा अर्धा-पाऊण तास रोज कुणाकडे तरी उधार मागावा लागतो. त्या दिवशी केंद्रशाळेत मीटिंग लांबली, निवडणुकीचं प्रशिक्षण निघालं किंवा ऑगस्ट २०१९ सारखा महापूर येऊन रस्ताच बंद झाला, तर फोनवर फोन सुरू होतात.

उलटा पर्याय म्हणजे शाळेच्या गावातच राहायचं. शिक्षकांनी मुख्यालयी राहावं हा नियम आहेच, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव जोडायची अट २०१९ साली आली. गावात राहिलं की मधल्या सुट्टीत बाळाला पाजून येता येतं. पण रात्री बाळाला ताप चढला तर दवाखाना कुठे, आणि भाड्याने खोली मिळते का? नवरा दुसऱ्या तालुक्यात असेल तर सगळं एकटीने. मुख्यालयाच्या वादात ‘शिक्षक गावात का राहत नाहीत’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा या पाळण्यात झोपलेला असतो.

बदली: तीस किलोमीटर आणि जिल्ह्याची भिंत

शिक्षकांच्या घरात बदलीचा विषय निघाला की बाळाचाच विषय निघतो. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होऊ लागल्या. गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, मतिमंद मुलांचे पालक असे शिक्षक विशेष संवर्ग भाग १ मध्ये येतात. नवरा-बायको दोघेही नोकरीत असतील आणि त्यांच्या ठिकाणांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर ते भाग २ मध्ये. त्यांनी एखादी शाळा मागितली की तिथल्या शिक्षकाला उठावं लागतं. याला शिक्षक ‘खो बसला’ म्हणतात. एकाचं बाळ आईजवळ येतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी लांब जातं.

आणि ३० किलोमीटर हा आकडा सपाट जमिनीवर सोपा वाटतो. कोयना खोऱ्यात पावसाळ्यात तेवढंच अंतर अर्धा दिवस खातं.

खरी अवघड गोष्ट जिल्ह्याच्या हद्दीची. कराड सातारा जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातलं कासेगाव सांगली जिल्ह्यात. हायवेने अंतर वीसेक किलोमीटर. दोन्हीकडे सोयरीक, बाजार, दवाखाने एकच. १९४९ पर्यंत हे सगळं एकाच सातारा जिल्ह्यात होतं. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. पण शिक्षकाची सेवाज्येष्ठता जिल्ह्याची असते. सांगलीतून साताऱ्यात यायचं तर आंतरजिल्हा बदली लागते, आणि नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता पुन्हा शेवटापासून सुरू होते. माहेर कासेगावला आणि शाळा पाटणला असणाऱ्या बाईसाठी आई जवळ असूनही प्रशासनाच्या दृष्टीने परक्या जिल्ह्यात असते.

मग बदली होते ती आजीची

यातून सगळ्यात जास्त वापरला जाणारा मार्ग म्हणजे आजी. सून हजर व्हायच्या आठवडाभर आधी आजी गावाकडून तालुक्याच्या फ्लॅटवर येते. तिची म्हैस, शेत, भजनी मंडळ आणि आजोबा मागे राहतात. बऱ्याचदा दोन्हीकडच्या आज्या पाळ्या लावतात, पेरणी-काढणीला एक आणि बाकीचे महिने दुसरी.

या कामाला पगार नाही, रजा नाही आणि आजीचे गुडघे दुखतात हे कुठल्या अर्जात लिहायची सोय नाही. साठीच्या बाईने दहा किलोचं मूल दिवसभर कडेवर घेणं हे कष्टाचं काम आहे. आजीला आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण मोकळा, तिच्या औषधांचा आणि येण्या-जाण्याचा खर्च वेगळा, आणि जड कामाला तासाभराची मदतनीस एवढं आधीच ठरवलं, तर पुढची बरीच भांडणं टळतात. आजीला न विचारता गृहीत धरणं हीच या व्यवस्थेची सगळ्यात कच्ची जागा आहे.

ज्यांच्याकडे आजी नाही, त्यांच्यापुढे पाळणाघर किंवा मावशी हा मार्ग. इथे पगाराचा प्रश्न येतो. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन असतं. २०२३ साली ते प्राथमिकसाठी ६ हजारांवरून १६ हजार झालं. नेमकी हीच तीन वर्षं अनेकींच्या लग्नाची आणि बाळंतपणाची असतात. १६ हजारांतून खोलीचं भाडं, पेट्रोल आणि मावशीचे पैसे गेले की उरतं काय, हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

विनाअनुदानित शाळेतल्या आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईंची गोष्ट आणखी वेगळी. तास घेतला तर पैसे. बाळ आजारी पडलं की तास बुडतो आणि त्या दिवसाची कमाईही.

आणि बाबा?

२०१८ च्या निर्णयात पुरुषांचाही उल्लेख आहे. पण बालसंगोपन रजा पुरुष कर्मचाऱ्याला मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे दोघेही शिक्षक असलेल्या घरात, दोघांचा पगार सारखा आणि दोघांची शाळा सारखी असली, तरी बाळाला गोवर निघाला की रजा बाईंनीच टाकायची, हे नियमानेच ठरवून टाकलंय. गुरुजींना करायचं असेल तर किरकोळ रजा खर्चून.

सर्वोच्च न्यायालयासमोर एप्रिल २०२४ मध्ये हा विषय आला तोही एका शिक्षिकेमुळेच. हिमाचल प्रदेशातल्या सरकारी कॉलेजच्या एका प्राध्यापिकेच्या मुलाला हाडं ठिसूळ करणारा जन्मजात आजार होता. तिच्या सगळ्या रजा संपल्या होत्या आणि राज्याने बालसंगोपन रजेचा नियम स्वीकारला नव्हता. नोकरीतला स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून घटनेने दिलेली गोष्ट आहे आणि सरकार आदर्श मालक म्हणून याकडे डोळेझाक करू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि राज्याला या धोरणाचा फेरविचार करायला समिती नेमायला सांगितलं.

हातात काय आहे?

हजर व्हायच्या आधी काही गोष्टी ठरवल्या तर मधली वर्षं थोडी सुसह्य होतात.

एक, रजा एकदम संपवू नका. बालसंगोपन रजेचा पहिला तुकडा बाळ पाळणाघरात किंवा मावशीकडे रुळण्याच्या काळासाठी ठेवला तर त्याचा खरा उपयोग होतो. अर्ज महिनाभर आधी, लेखी आणि पोच घेऊन द्यावा, म्हणजे शाळेलाही वर्गांची सोय बघायला वेळ मिळतो.

दोन, सांभाळणारं माणूस हजर व्हायच्या दिवशी नको, दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, मग अर्धा दिवस.

तीन, पाळणाघर बघताना रंगीत भिंतींपेक्षा चार प्रश्न विचारा. एका बाईकडे किती मुलं? बाळ आजारी असेल तर काय करता? घ्यायला कोण येऊ शकतं याची नोंद ठेवता का? उशीर झाला तर किती वाजेपर्यंत थांबता?

चार, मीटिंग, प्रशिक्षण आणि निवडणुकीच्या दिवसांसाठी दुसरं नाव आधीच ठरलेलं असावं. तान्हं बाळ असेल तर निवडणूक कामातून सूट मिळण्यासाठी लेखी अर्ज करता येतो. तो आदेश आल्या आल्या द्यावा, आदल्या रात्री नाही.

पाच, दोघेही नोकरीत असतील तर महिन्याचं एक साधं कॅलेंडर लावा. कुणाची मीटिंग कधी, कुणी कधी लवकर यायचं. मावशीचा फोन आला की तो आईलाच लागतो, ही सवय पहिल्या महिन्यात मोडली नाही तर पुढे मोडत नाही.

सरकारी पाळणा

घरोघरच्या या जुगाडापलीकडे एक सार्वजनिक मार्गही आहे. केंद्राच्या मिशन शक्तीखाली २०२२ पासून ‘पाळणा’ योजना आहे. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, रोज साडेसात तास, २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस. आई नोकरी करते की मजुरी, याची अट नाही. सहा महिन्यांपासून सुरुवात म्हणजे ही योजना नेमकी त्या अडीच वर्षांवर बोट ठेवते. सध्याच्या साध्या अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला लसीकरण, वजन आणि घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर सांभाळणं नाही.

पण पाळणा कुठे ठेवायचा, हे महत्त्वाचं. कराडातल्या साडेसात तासांच्या पाळणाघरात बाईंचे साडेआठ तास मावत नाहीत. शाळेच्या गावात असेल तर मावतात, कारण शाळा साडेसहा तासांचीच असते आणि बाळ आईसोबतच येतं-जातं. अनेक गावांत अंगणवाडी शाळेच्या आवारातच भरते. तिथेच पाळणाघर झालं, तर बाईंचं बाळ, अंगणवाडी ताईंचं बाळ, ऊसतोडीला आणि भांगलणीला जाणाऱ्या आयांची बाळं एकाच छपराखाली येतात. मनरेगासारखी मुलं मोजली, तर अशा कितीतरी वाड्यांवर २५ चा आकडा सहज जवळ येईल.

ही कल्पना नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डी आणि पुढे कोसबाडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांना दिसलं की आदिवासी मुली धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. भावंडं पाळण्यात आली की मुली वर्गात आल्या.

तिथे प्रश्न विद्यार्थिनींचा होता, आज सातारा-सांगलीच्या वाड्यांवर तो शिकवणाऱ्या बाईंचाही आहे. शाळेच्या आवारात एक खोली, दोन बायकांना मानधन आणि एक पाळणा, एवढ्यावर दोन्ही प्रश्न एकदम सुटू शकतात. तोपर्यंत ही अडीच वर्षं आजीच्या गुडघ्यांवर चालतात.